लोकलच्या तिकिटात कान्हेरीचा डोंगर

सहल म्हटली की आपल्या घरात आधी हिशेब मांडला जातो. माथेरान-महाबळेश्वरचे भाडे, राहण्याचा खर्च, मुलांचे खाणे. बेरीज झाली की बेत पुढच्या वर्षावर जातो. पण दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्या माणसालाही मोकळी हवा आणि झाडाची सावली लागतेच. ती आपल्या मुंबईतच आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात सुमारे १०० चौरस किलोमीटर डोंगर आणि जंगल आहे आणि त्या जंगलात आपली कान्हेरी लेणी आहेत.

गिरगावकरांनी चर्नी रोडहून, लालबाग-परळकरांनी लोअर परळ किंवा प्रभादेवीहून आणि दादरकरांनी दादरहून पश्चिम रेल्वेची बोरिवली लोकल धरावी. पूर्वेला उतरून उद्यानाचे फाटक पायी गाठता येते. तिथून लेणी सहा-सात किलोमीटर. सकाळी लवकर निघाल्यास झाडांच्या सावलीतून चालतच जावे. म्हाताऱ्या माणसांसाठी वाहनाची चौकशी फाटकावर करावी. सोमवारी उद्यान बंद असते. उद्यानाचे व लेण्यांचे तिकीट वेगळे असते.

काळ्या खडकात कोरलेली शंभराहून अधिक लेणी इथे आहेत. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षे या डोंगरावर भिक्खूसंघाचा राबता होता. पुष्कळ लोक तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह आणि तिथल्या दोन भव्य बुद्धमूर्ती पाहून परत फिरतात. तसे करू नका. कोरलेल्या पायऱ्यांनी वर चढा. विहारांशेजारी पाण्याची टाकी दिसतील. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. खडकात खोदलेल्या पन्हळींतून पावसाचे पाणी या टाक्यांत उतरते. हे पाणी साठले म्हणूनच एवढा संघ डोंगरावर राहू शकला.

आणि दाते कोण? सोपारा, कल्याण, चौल इथले व्यापारी होतेच, पण कारागीरही होते. कल्याणच्या एका सोनाराने टाके दिले, तिथल्याच एका लोहाराने पायवाट दिली. हातावर पोट असणाऱ्यांचे दानही राजाच्या दानासारखेच दगडात कोरले गेले, हे मुलांना तिथेच उभे राहून सांगावे.

याच डोंगरांचे पाणी पुढे मुंबईला मिळाले. विहार तलाव १८६० साली आणि तुळशी तलाव १८७९ साली तयार झाला.

काही पथ्ये पाळावीत. हे बिबट्याचे घर आहे, म्हणून मळलेली वाट सोडू नये, मुलांना पुढे पळू देऊ नये आणि दिवस मावळण्याआधी फाटकाबाहेर पडावे. पावसाळ्यात ओढ्यात, धबधब्यात उतरू नये. माकडांना खाऊ देऊ नये. भिंतीवर नाव कोरणे म्हणजे आपलाच वारसा आपल्या हाताने खरवडणे. प्लास्टिक पिशवीत भरून परत आणावे.

एका रविवारी विहारातील आठ-दहा कुटुंबांनी मिळून निघावे. भाकरी, चटणी, उकडलेली अंडी, पाण्याच्या बाटल्या एवढे पुरे. मात्र आदल्या रात्रीचा स्वयंपाक पुरुषांनी करावा. नाहीतर घरातली बाई पहाटे चारला उठून सर्वांचे डबे भरणार आणि डोंगरावर पोचेपर्यंत थकून जाणार. तिलाही त्या दिवशी झाडाखाली निवांत बसता आले, तरच ती सहल.