मुंबईचा उथळ समुद्र आणि युलिनचा तळ

अणुपाणबुडीच्या तळाची जागा ठरवताना बंदराहून महत्त्वाचा ठरतो तो बंदराबाहेरचा समुद्र. मुंबईच्या माझगाव गोदीने कलवरी वर्गाच्या ६ पाणबुड्या बांधल्या. शेवटची ‘वाघशीर’ १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात दाखल झाली. या डिझेल-विद्युत पाणबुड्या आहेत. बॅटऱ्या भारित करताना डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून अधूनमधून पृष्ठभागाजवळ यावे लागते. अणुपाणबुडीला ती अडचण नाही. शिधा पुरेल तोवर ती पाण्याखालीच राहते. पण मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे. एवढे अंतर उथळ पाण्यातून जायचे, तर दडणार कुठे? भारताच्या ‘अरिहंत’ या अणुपाणबुडीची अणुभट्टी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केली, पाणबुडी मात्र विशाखापट्टणमला बांधली गेली. तिथे खोल पाणी किनाऱ्याच्या बरेच जवळ आहे.

चीनपुढेही हाच पेच होता. छिंगताओजवळचा त्याचा जुना तळ पिवळ्या समुद्रावर, आणि त्या समुद्राची सरासरी खोली जेमतेम ४४ मीटर. हैनान बेटाच्या दक्षिण टोकावरच्या त्याच्या युलिन तळासमोर मात्र दक्षिण चिनी समुद्र पसरला आहे. त्याची खोली काही भागांत ४,००० मीटरांहून जास्त. या तळावर डोंगरात खोदलेल्या बोगद्याचे तोंड उपग्रहचित्रांत दिसते. चीनच्या ०९४ वर्गाची प्रत्येक अणुपाणबुडी १२ अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे नेते, म्हणजे जमिनीवरचे तळ नष्ट झाले तरी प्रतिहल्ला शक्य उरतो. प्रशांत महासागरात उतरायचे, तर मात्र तैवान आणि फिलिपाईन्समधली चिंचोळी वाट ओलांडावी लागते, आणि अमेरिकी-जपानी पाळत असते ती नेमकी तिथेच.