पंप बिघडला की वीज अडली?

पावसाळ्यात पेडणे-डिचोलीकडच्या घरांतून एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते. काल संध्याकाळी पणजीहून सुखरूप आलेली मोटार आज सकाळी अंगणातच अडून बसते. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, स्टार्टरही फिरतो. इंजिन मात्र सुरू होत नाही. गाडी ओढून गॅरेजात नेली जाते, 'पंप गेला' असा निकाल मिळतो आणि काही हजार रुपये मोजून नवा पंप बसतो. पुढच्या मोठ्या पावसात गाडी पुन्हा बंद! पंप निर्दोष होता. त्याला वीजच मिळत नव्हती. नवा पंप बसवताना जोडणी हलली, गंज थोडा खरवडला गेला आणि दोष तात्पुरता लपला, इतकेच.

पूर्वी हा प्रश्न सहसा येत नसे. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० मध्ये कार्बुरेटर होता आणि पेट्रोलचा पंप इंजिनाच्याच गतीने चाले. पुढे २००० च्या सुमारास धुराचे नियम कडक झाले, कार्बुरेटर मागे पडला आणि पंप विजेवर चालणारा होऊन टाकीच्या आत जाऊन बसला. बॅटरीपासून फ्यूज, रिले, तारांची जोडणी, पंप आणि शेवटी गाडीच्या सांगाड्यावरील अर्थ, असा या विजेचा प्रवास असतो. यातील एक दुवा तुटला तरी पंप मुका होतो.

गोव्यात हे दुवे कमजोर होण्यास कारणे भरपूर. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस, किनाऱ्याची खारी हवा आणि डिचोलीच्या खाणपट्ट्यातील ओल धरून ठेवणारी तांबडी धूळ. शिवाय पावसात कोरडी जागा शोधणारे उंदीर तारा कुरतडतात, ते निराळेच.

तपासाची सुरुवात कानाने करावी. चावी 'ऑन' केली, की बहुतेक गाड्यांत मागच्या आसनाखालून दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू येते व थांबते. इंजिन फिरू लागल्याची खूण मिळेपर्यंत गाडीतील संगणक पंप पुन्हा चालवीत नाही. म्हणून त्या सेकंदांनंतर वीज तपासून 'वीज नाही' म्हणणे फसवे. चावी फिरवायला दुसरा माणूस हवाच.

आवाज नसेल तर फ्यूज पाहावा. जळला असल्यास तेवढ्याच अँपिअरचा घालावा. तार किंवा चांदीचा कागद कदापि नको. नवाही लगेच जळला, तर कुठेतरी तारा एकमेकींना भिडल्या आहेत किंवा पंपच अडकला आहे, तेथेच थांबावे. फ्यूज शाबूत असेल तर त्याच क्रमांकाचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, त्या जागी लावून पाहावा.

पुढचे काम जाणत्या मेकॅनिकचे. पंपाच्या जोडणीवर केवळ मीटर लावून भागत नाही. गंजलेल्या तारेचा एकच धागा शिल्लक असला, तरी मीटर पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो. तेथे इंडिकेटरचा २१ वॅटचा दिवा लावावा. तो लख्ख पेटला, तर वीज पोहोचते आणि पंपच दोषी. मंद लागला किंवा लागलाच नाही, तर दिव्याचे अर्थचे टोक सांगाड्याच्या स्वच्छ धातूला लावावे. आता लख्ख पेटला, तर अर्थ गंजला आहे. तरीही नाही, तर दोष मागच्या तारेत किंवा रिलेत शोधावा.

पेट्रोलची वाफ ठिणगीला निमित्त मिळण्याचीच वाट पाहत असते. दिवा आधी घट्ट जोडून मगच चावी फिरवावी आणि पेट्रोलचा वास येत असेल तर कोणतीही चाचणी करू नये. बॅटरीवरून पंपाला थेट तार देण्याचा 'देशी उपाय'ही आम्ही निषिद्धच मानतो.

आमच्या वाचकांनी स्वतः पाना हाती घ्यावा, असा आमचा आग्रह नाही. पंप बदलण्यास होकार देण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: "जोडणीवर दिवा लावून पाहिलात का?" उत्तर 'नाही' असेल, तर पैशाचे पाकीट खिशातच राहू द्यावे.