जुन्या लाकडाचा झोपाळा



बडोद्याच्या रावपुऱ्यात किंवा दांडिया बाजारात एखादा जुना वाडा उतरविला जाऊ लागला, की रस्त्याच्या कडेला तुळया, कड्या, खांब आणि दारांच्या चौकटी यांचा ढीग पडतो. धुळीने माखलेले, खिळ्यांनी भरलेले ते लाकूड जळणाच्याच योग्यतेचे असे पुष्कळांना वाटते. वास्तविक त्यातले बरेचसे उत्तम सागवान असते. अशा लाकडातून बागेत टांगण्याजोगा झोपाळा कसा करावा, हे आज सांगावयाचे आहे.

प्रथम आमच्याच घरची एक हकीगत सांगतो. माजघरात ज्या तुळईने दोन पिढ्यांचा झोपाळा पेलला, तीच वाडा पाडल्यावर आम्ही बागेत दोन खांबांवर चढविली. एवढ्या जुन्या सागवानाची परीक्षा ती काय करावयाची, असा आमचा समज. नागपंचमीला मुली झोके घेऊ लागल्या आणि तासाभरात एका बाजूचा आकडा तुळईतून उपटून आला. खाली गवत होते म्हणून एका मनगटावर निभावले. मागून पाहतो, तो आकड्याचा स्क्रू ज्या जागी पिळला होता तेथे एका जुन्या खिळ्याचे भोक होते आणि त्याभोवतीचे लाकूड काळे पडून भुसभुशीत झालेले होते. दोष लाकडाचा नव्हता, ते पारखून न घेणाऱ्यांचा होता.

जुन्या सागवानाचा मोठा गुण असा, की त्याचे आकसणे, पिळवटणे बहुतांशी होऊन गेलेले असते. ताज्या लाकडाची फळी वाळता वाळता वाकते. पन्नास-साठ वर्षे छपराखाली राहिलेली तुळई तसा दगा सहसा देत नाही. सागाच्या गाभ्यात मुळातच तेलकट द्रव्ये असल्यामुळे वाळवीही त्याच्या वाटेस फारशी जात नाही. मात्र हे अभय गाभ्यापुरतेच असते. सालीलगतच्या फिकट लाकडाला ते नाही, म्हणून तेवढा भाग तासून काढावा.

आता परीक्षा. तुळईवर टोकापासून टोकापर्यंत हातोडीने हलके ठोकीत जावे. निरोगी लाकूड खणखणीत बोलते, पोखरलेले बद्द वाजते. संशयाच्या जागी टोच्या दाबून पाहावा. तो सहज आत शिरला तर तेवढा भाग कापून टाकावा. बारीक छिद्रांतून पिठासारखी भुकटी झडत असेल, तर किडा अजून आत आहे असे समजावे. त्यानंतर कटावणीने आणि पकडीने एकूण एक खिळा काढावा आणि राहिलेले तुकडे लोहचुंबकाने शोधावेत. खिळा गंजताना सभोवतालचे लाकूडही निःसत्त्व करतो, म्हणून जुन्या भोकात नवा स्क्रू कधीही पिळू नये. आमची चूक नेमकी ती होती.

लाकडावर जुना रंग असेल, तर आणखी एक सावधगिरी हवी. पूर्वीच्या तैलरंगांत शिसे सर्रास असे. आपल्याकडे घरगुती रंगांतील त्याचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांवर आणणारे नियम 2016 साली झाले. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपायकारक असते. यास्तव असा रंग कोरड्या काचकागदाने घासू नये. ज्या लाकडावर रंग नाही तेच निवडणे सर्वांत उत्तम.

झोपाळ्यावर भार किती येतो, याचा हिशेब आता करू. तीन मोठी माणसे आणि पाट मिळून 250 किलो धरा. झोपाळा स्थिर असताना साखळ्यांवर एवढाच भार असतो. पण तो उभ्या रेषेपासून 30 अंशांपर्यंत चढला, तर खालून जाताना तो सुमारे सव्वापट होतो, आणि 60 अंशांपर्यंत चढला तर दुप्पट, म्हणजे 500 किलो. शिवाय चारही साखळ्या सारख्या ताणात क्वचितच असतात. म्हणून समोरासमोरच्या कोणत्याही दोन साखळ्यांनी हा सगळा भार पेलला पाहिजे, अशाच बेताने त्या घ्याव्यात.

वरची तुळई बसविताना तिची रुंद बाजू आडवी न ठेवता उभी ठेवावी. तुळईची रुंदी दुप्पट केली तर तिची ताकद दुप्पट होते, पण उंची दुप्पट केली तर चौपट होते. भाराखाली तिचे खालचे अंग ताणले जाते, तेव्हा जुन्या खाचा आणि भोके त्या अंगाला येऊ देऊ नयेत. साखळ्या तुळईच्या मध्यावर न टांगता खांबांजवळ टांगाव्यात. तेथे वाकण्याचा जोर कमी असतो. आकड्यासाठी स्क्रू न वापरता तुळईतून आरपार जाणारा बोल्ट घालावा आणि वर रुंद चकती ठेवून नट आवळावा.

खांबांच्या बाबतीत वाड्यांच्या सुतारांनी आपल्याला धडा घालून दिलेला आहे. ते खांब मातीत पुरीत नसत, दगडी तळखड्यावर उभा करीत. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला ओलावा आणि हवा दोन्ही लागतात, आणि जमिनीच्या पातळीला ती दोन्ही एकत्र मिळतात; म्हणून पुरलेला खांब तेथेच मोडतो. बागेतही तळखडाच वापरावा. त्यात पक्क्या केलेल्या लोखंडी पट्टीला पाय बोल्टने आवळावेत आणि दोन्ही टोकांचे पाय कैचीसारखे तिरपे फाकवावेत, म्हणजे झोक्याबरोबर सांगाडा डुलणार नाही.

पाटासाठी दीड इंच जाडीच्या फळ्या पुरतात. लांबी पाच फूट, खोली पावणेदोन फूट आणि जमिनीपासून उंची दीड फूट ठेवावी. फळ्यांखाली तीन आडव्या पट्ट्या द्याव्यात आणि दोन फळ्यांमध्ये पाव इंचाची फट ठेवावी. पावसाचे पाणी तीतून निथळते, लाकडाला फुगावयास जागा राहते आणि मुलांची बोटे अडकत नाहीत. साखळी शक्य तितकी लांब असावी. सव्वातीन फुटांच्या साखळीवर एक हेलकावा सुमारे दोन सेकंदांत पुरा होतो, साडेसहा फुटांच्या साखळीवर त्याला पावणेतीन सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हातारपणी सुखाचा वाटतो तो हा संथ झोका. पुढे आणि मागे सात-सात फूट जागा मोकळी सोडावी.

शेवटी रंधा मारून, कडा गोलसर करून, जवसाच्या उकळलेल्या तेलाचे दोन-तीन हात द्यावेत. तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता उत्पन्न होते आणि अशा ढिगाने आपोआप पेट घेतल्याची उदाहरणे आहेत. त्या मोकळ्यावर पसरून वाळवाव्यात.

एवढे करूनही काम संपले असे समजू नये. आकडा आणि कडी जेथे एकमेकांवर घासतात, तेथे लोखंड हळूहळू झिजते आणि ती झीज बसल्या जागेवरून दिसत नाही. दर वर्षी श्रावण लागण्यापूर्वी शिडी लावून ती जागा पाहावी, वंगण घालावे, नट आवळावेत, आणि कडी झिजून बारीक झाली असेल तर निःसंकोच बदलावी. झोपाळ्यावर बसणारा माणूस वर पाहून बसत नाही. त्याच्या वतीने आधीच वर पाहून ठेवणे, हे झोपाळा टांगणाऱ्याचे कर्तव्य आहे. आमच्या बागेत आज त्याच जुन्या तुळईचा झोपाळा आहे. तिचा किडका भाग आम्ही कापून काढला आणि उरलेल्या लाकडाचा पाट केला. त्या वेळी मनगट दुखावलेली मुलगी आता आपल्या मुलांना त्यावर बसविते, पण त्याआधी स्वतः शिडीवर चढून कड्या पाहते.