मेळाव्याच्या मांडवातील अनधिकृत विक्रीस आळा

पांढरकवडा हे यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. नागपूर–हैदराबाद राष्ट्रीय महामार्गावरील या गावाचा परिसर कापूस पिकविणारा. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी पंतप्रधानांच्या उपस्थितीत महिला बचत गटांचा मेळावा येथेच भरला होता. शेतकरी मेळावे, शिक्षकांच्या कार्यशाळा, वैद्यकीय व्यावसायिकांच्या परिषदा यांसाठी तालुक्याच्या गावी माणसे एकत्र येणे ही नित्याची बाब होय. परंतु जेथे माणसे जमतात, तेथे निमंत्रण नसलेला विक्रेताही येतो, हे आयोजकांनी विसरता कामा नये.

असा विक्रेता प्रवेशद्वाराशी मेज मांडतो, पत्रके वाटतो, उपस्थितांची नावे व दूरध्वनी क्रमांक टिपून घेतो. कधी तो सायंकाळी जवळच्या लॉजवर ‘मार्गदर्शन बैठक’ बोलावतो आणि ती मूळ कार्यक्रमाचाच भाग असल्याचे भासवितो. ऐकणाऱ्याचा विश्वास असतो तो आयोजक संस्थेवर. त्याचा लाभ मात्र तिसराच उठवितो. वाण बोगस निघाले तर ते पेरणीनंतर कळते, आणि तोवर हंगाम हातचा गेलेला असतो.

वऱ्हाडातील जुना धडा

हा प्रश्न या प्रदेशाला नवा नाही. कापूस व धान्य बाजारासंबंधीचा कायदा वऱ्हाडात १८९७ साली लागू झाला. बाजाराची जागा अधिसूचित करावी, त्यावर समितीची देखरेख असावी आणि आसपास अनधिकृत बाजार भरू नयेत, हे त्याचे मुख्य सूत्र होते. शेतकऱ्याला वाटेत गाठून व्यवहार उरकण्यापेक्षा उघड्या जागी, सर्वांसमक्ष सौदा व्हावा, हा त्यामागील हेतू. मेळाव्यांनाही हेच तत्त्व लागू पडते.

कायद्याची चौकट

बियाणे (नियंत्रण) आदेश, १९८३ नुसार बियाणे विक्रीस परवाना लागतो. विक्रेत्याने साठा व दर दर्शनी भागी लावावेत आणि ग्राहकास पावती द्यावी, असे बंधन आहे. कीटकनाशके अधिनियम, १९६८ अन्वये कीटकनाशकांची विक्रीच नव्हे, तर विक्रीसाठी मांडणीही परवान्याविना करता येत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, हे ध्यानी घेता या तरतुदीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. तणनाशक-सहनशील कापूस वाणाच्या व्यापारी लागवडीस देशात मान्यता नसल्याने त्याचे बियाणे ‘खास सवलतीत’ देऊ करणाऱ्यापासून सावध राहिले पाहिजे.

बचत गटांच्या मेळाव्यात धोका ठेवींचा असतो. साखळी पद्धतीच्या पैशाच्या योजनांवर १९७८ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. अनियंत्रित ठेव योजनांना प्रतिबंध करणाऱ्या २०१९ च्या कायद्यात पैसे स्वीकारणे तर गुन्हा आहेच, पण अशा ठेवींसाठी लोकांना गळ घालणे हाही स्वतंत्र गुन्हा असून त्यास १ ते ५ वर्षे कारावास व २ ते १० लाख रुपये दंडाची शिक्षा सांगितली आहे.

वैद्यकीय परिषदांबाबत निराळी दक्षता हवी. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांत २००९ साली दुरुस्ती होऊन औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, तसेच परिषदांसाठी प्रवासखर्च घेण्यास मनाई झाली. २०२४ च्या औषध विपणन संहितेने कंपन्यांवरही तशीच बंधने घातली. परिषदेबाहेरील ‘स्नेहभोजना’चा विचार या दृष्टीनेही करावा.

आयोजकांनी घ्यावयाची काळजी

निमंत्रणपत्रिकेतच सर्व कार्यक्रमांची वेळ व स्थळ छापावे आणि त्याव्यतिरिक्त कोणतीही बैठक संस्थेची नाही, असे स्पष्ट नमूद करावे. प्रत्येक दालनासाठी आगाऊ लेखी अर्ज व परवान्याची प्रत घ्यावी. मंजूर दालनांची यादी प्रवेशद्वारी लावावी. उपस्थितांची नोंदवही कोणाही विक्रेत्याच्या हाती देऊ नये. व्यासपीठावरून आरंभी व मध्यंतरानंतर सूचना द्यावी. एका जबाबदार कार्यकर्त्याकडे देखरेख सोपवावी. शाळा वा ग्रामपंचायतीचे सभागृह देताना या अटी परवानगीपत्रातच घालाव्यात.

अनधिकृत विक्रेता आढळल्यास प्रथम त्यास समज द्यावी. वाद वाढवू नये. बियाणे किंवा कीटकनाशकाचा प्रश्न असेल तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांस, ठेवींचा असेल तर पोलिसांस तत्काळ कळवावे. पत्रक, पिशवी व पावती जपून ठेवावी. पुढील कारवाईस हाच पुरावा उपयोगी पडतो.

प्रामाणिक विक्रेत्याला दूर लोटण्याचा येथे हेतू नाही. परवाना असलेल्यास मंजूर दालन मिळाले तर त्याच्या मालाची पारखही उघडपणे होते. आडबाजूच्या बैठकीत मात्र विचारणारा एकटा पडतो. गावचा मनुष्य विश्वासाने मांडवात येतो. त्या विश्वासाचे रक्षण करणे हे आयोजकांचे पहिले कर्तव्य होय.