लांब क्रियापद शेवटाकडून फोडावं

वाशीम-अकोल्याकडं ‘बदलवणे’ हे क्रियापद सर्रास ऐकू येतं. ‘नोट बदलवून द्या’, ‘तो गाडी बदलवून राह्यला’. कागदावर ब, द, ल ही अक्षरं प्रत्येक रूपात तशीच उभी असतात. तोंडात मात्र त्यांची फोड बदलते. ‘बदलवून’ म्हणताना ब-दल्-वून होतं. ‘बदलवलं’ म्हणताना बद्-लव्-लं. एका रूपात ल चा पाय मोडतो, दुसऱ्यात द चा.

याचा उलगडा शब्दाच्या शेवटाकडून सुरुवात केली की होतो. अक्षरातला अ गळतो तो आधीच्या आणि पुढच्या, दोन्ही अक्षरांना स्वराचा आधार असेल तेव्हा. ‘बदलवलं’ घ्या. शेवटचं लं अनुस्वारामुळं पक्कं, म्हणून त्याआधीच्या व चा अ गळतो. आता ल च्या पुढं नुसता व् उरला. ल ला आपला अ सोडता येत नाही. ल टिकला म्हणून द चा अ गळायला मोकळा. पहिलं अक्षर कधीच मोडत नाही. ‘बदलवून’मध्ये वू पक्का, म्हणून ल मोडतो आणि द वाचतो. ‘विस्कटून’मध्ये क च्या आधी स् आहे, क चा अ गेला तर तीन व्यंजनं एकमेकांत अडकतील, म्हणून तो राहतो.

ही फोड कागदावर दिसत नाही, कारण लिहिण्याची रीत जुनी आहे. वाशीमला 1939 मध्ये वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. त्यातला संस्कृत-प्राकृत मजकूर अक्षरातला प्रत्येक अ उच्चारून वाचायचा. पुढं मराठीनं बोलण्यात अ गाळला, लिहिण्यात मात्र तसाच ठेवला.

फ्रेंचमध्ये असाच एक दुबळा स्वर आहे. ‘बोलावणे’ या अर्थाचं मूळ क्रियापद आप्-ले असं उच्चारतात, मधला स्वर गळालेला. ‘मी बोलावतो’ म्हणताना झा-पेल, ‘आम्ही बोलावू’ म्हणताना नू झा-पेल्-रों. इथं तोच स्वर ठसठशीत. पण या दोन रूपांत फ्रेंच लोक ल दोनदा लिहितात, त्यामुळं वाचणाऱ्याला खूण मिळते. मराठीत ती नाही, आणि म्हणूनच एकेक अक्षर लावून वाचणारं पोर लांब क्रियापदाशी अडखळतं. त्याला ‘नीट वाच’ म्हणून दरडावू नये; शब्दाच्या शेवटावर बोट ठेवून फोड दाखवावी.

‘बदलवणार’: णार पक्का, व मोडला, ल टिकला, द मोडला. बद्-लव्-णार. ‘बदलवायचं’मध्ये चं पक्कं, य मोडला, वा पक्का, ल मोडला, द टिकला. ब-दल्-वाय्-चं.