साठवणीची पेटी कशी वाढते?

(द्वितीय वर्ष, कला)

'साठवण' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धान्याची कणगी येते, नाहीतर लोणच्याची बरणी. फोटोंचीही साठवण असते आणि तीही एक दिवस काठोकाठ भरते, हे आमच्या घराला यंदा कळले. कलाशाखेच्या विद्यार्थिनीने यंत्राविषयी लिहावे, हे काही प्राध्यापकांना नवल वाटेल. माझा थोरला भाऊ बदलापुरात लग्नाचे फोटो काढतो, आणि इंग्रजी माहितीपुस्तिका वाचून तिचा अर्थ सांगणारी आमच्या घरातली मी पहिलीच. एवढाच माझा अधिकार.

दादाकडे एक पेटी आहे. बुटांच्या खोक्याहून थोडी मोठी, समोर चार खण, प्रत्येक खणात एक हार्ड डिस्क. ती तारेने घरातल्या राउटरला जोडलेली असते, त्यामुळे घरातल्या कोणत्याही संगणकावरून तिच्यात फोटो ठेवता येतात आणि काढताही येतात. तिला 'नॅस' म्हणतात. चार-चार टेराबाइटच्या चार डिस्का असूनही जागा मिळते बाराचीच. उरलेले चार कुठे जातात, ते पुढे सांगते.

तर ही पेटी भरली. नऊ वर्षांची लग्ने, हळदी, साखरपुडे, बारशी. आता जुने पुसावे की पेटी वाढवावी? पुसणे फुकटात होते, म्हणून दादाचा कल तिकडेच होता. तेवढ्यात उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून एक गृहस्थ आले. त्यांचे वडील नुकतेच वारले होते. घरातला अल्बम पावसात खराब झालेला, आणि वडील मोकळेपणाने हसताहेत असा फोटो त्यांच्या मते एकच होता, सात वर्षांपूर्वीच्या बहिणीच्या लग्नातला. दादाने तो दहा मिनिटांत काढून दिला. त्यानंतर आमच्याकडे पुसण्याचा विषय कोणी काढला नाही.

आता ते हरवलेले चार टेराबाइट. समजा, तीन वह्यांत ७, ५ आणि ९ हे आकडे लिहिले आणि चौथीत त्यांची बेरीज २१ लिहून ठेवली. दुसरी वही वाळवीने खाल्ली, तर २१ मधून ७ आणि ९ वजा करा. ५ परत मिळाले. पेटी बेरजेऐवजी सम-विषम मोजते आणि हा हिशेब एकाच डिस्कवर न ठेवता चारही डिस्कांवर वाटते, पण युक्ती हीच. म्हणून कोणतीही एक डिस्क मेली तरी फोटो शाबूत राहतात. दोन मेल्या तर सगळेच जाते. या रचनेला 'रेड' म्हणतात. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ साली निबंध लिहून हे नाव रूढ केले. महागड्या एका मोठ्या डिस्कऐवजी स्वस्त छोट्या डिस्का एकत्र राबवाव्यात, असा त्यांचा विचार होता. (गरिबाच्या घरातही संसार असाच चालतो!)

वाढवण्याची रीत याच युक्तीतून निघते. पेटी चालू ठेवून एक जुनी डिस्क काढायची, त्या खणात आठ टेराबाइटची नवी घालायची. उरलेल्या तिघींवरून हिशेब करून पेटी नवी डिस्क भरून काढते. ते पुरे झाले की दुसरी, मग तिसरी, मग चौथी.

इथे पुष्कळांची फसगत होते. दोन डिस्का बदलल्या तरी जागा बाराच दिसते! आपल्या बदलापूरजवळचे बारवी धरण डोळ्यांपुढे आणा. १९७२ साली ते बांधले; पुढे टप्प्याटप्प्याने त्याची उंची वाढवली आणि शेवटच्या टप्प्यात गावेही हलवावी लागली. अशा वेळी भिंत अर्धीच उंच केली तर पाणी ठरते कुठपर्यंत? सर्वांत बुटक्या जागेपर्यंतच. पेटीचेही तसेच: सर्वांत लहान डिस्क गुणिले तीन. चौथी डिस्क बदलल्यावरच बाराचे चोवीस होतात. काही कंपन्यांच्या पेट्यांत, उदाहरणार्थ सिनॉलॉजीच्या मिश्र रचनेत, दोन मोठ्या डिस्का बसताच थोडी वाढीव जागा मिळू लागते, हा अपवाद. शिवाय काही जुन्या पेट्यांना सोळा टेराबाइटची वेस असते. ती खरेदीआधीच पाहावी. आणि आठच्या डिस्कवर संगणक ७.२७ दाखवतो म्हणून दुकानदाराशी भांडू नये. कंपनी हजाराने मोजते, संगणक १०२४ ने, डिस्क तीच.

खरा धोका वेळेचा आहे. सेकंदाला दीडशे मेगाबाइट या वेगाने चार टेराबाइट भरायला साधारण साडेसात तास लागतात, आणि पेटी त्याच वेळी दुसरे कामही करीत असेल तर कितीतरी जास्त. तेवढा वेळ आपली 'बेरजेची वही' नसतेच. त्याच तासांत दुसरी जुनी डिस्क बिघडली तर नऊ वर्षे गेली. जुन्या डिस्का बहुधा एकाच दिवशी घेतलेल्या असतात, एकाच वयाच्या. आणि याच वेळी त्यांना सर्वांत जास्त राबावे लागते. म्हणून आधी सगळ्याची दुसरी प्रत काढावी, मगच पहिल्या खणाला हात लावावा. वीज केव्हा जाईल याचा आमच्याकडे नेम नाही, तेव्हा यूपीएस हवाच. डिस्क घेतानाही जपावे. काही डिस्कांवर माहितीच्या ओळी घराच्या कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात. एक कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात, तसे त्यांचे होते. घरी नुसत्या ठेवणीला त्या चालतील. अशा भरणीत फार रेंगाळतात.

आणि चोवीस टेराबाइट झाले म्हणजे फोटो सुरक्षित झाले, असेही नाही. चुकून पुसलेला फोटो चारही डिस्कांवरून एकदमच पुसला जातो. पुराला तर खण मोजताच येत नाहीत. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीने काय केले ते घरातली मोठी माणसे अजून सांगतात. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, ती तर आपण पाहिलीच. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे. त्या दगडाला दुसरी प्रत लागली नाही. डिस्कला पाच-सात वर्षे पुष्कळ झाली.

आम्ही चार डिस्का बदलायला पाच दिवस घेतले. रोज रात्री एक काढायची, सकाळी हिरवा दिवा पाहायचा, आणि त्या दिवशी दुसरीला हात लावायचा नाही. शेवटच्या दिवशी मूळ जागा 'विस्तारित करा' अशी आज्ञा वेगळी द्यावी लागली. भिंत उंच झाली तरी पाणी आपोआप चढत नाही. बाहेर काढलेल्या चार जुन्या डिस्का टाकून दिल्या नाहीत. त्यांच्यावर लग्नांची दुसरी प्रत भरून, प्रत्येकीवर सालांची चिठ्ठी चिकटवून, त्या अंबरनाथला आत्याच्या घरी ठेवल्या आहेत. आत्या तिसऱ्या मजल्यावर राहते.