विमानाचे नाक आणि दोह्याचे ऊन

दोह्यात ऑगस्टच्या दुपारी उन्हात उभ्या असलेल्या मोटारीच्या बॉनेटवर कोणी हात ठेवीत नाही. पहिल्या उन्हाळ्यात एकदा ठेवला की तेवढे पुरते. विमानाच्या इंजिनावरही असेच एक बॉनेट असते. त्याला काउलिंग म्हणतात. फरक एवढाच की मोटारीचे बॉनेट काढून ठेवले तरी गाडी चालते, रेडिएटर आपले काम करतो. लहान विमानाचे इंजिन मात्र बहुधा हवेवर थंड होते, आणि काउलिंग काढून ते जोरात चालवले तर थंड होण्याऐवजी अधिक तापते!

वाचकहो, हा विषय आठवण्याचे कारण आपले कांदिवलीचे श्री. अमोल यादव. पेशाने वैमानिक असलेल्या या गृहस्थांनी चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले, नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची सरकारदरबारी नोंदणी झाली, आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडाले. गच्चीचे आणि क्रेनचे फोटो गाजले, ते योग्यच झाले. पण घरी विमान बांधणाऱ्या कोणालाही विचारा, पंखापेक्षा आणि शेपटीपेक्षा डोके खाणारे काम कोणते? पुष्कळजण नाकाकडेच बोट दाखवतील.

आधी हवेचा हिशेब पाहू. अशा इंजिनाची सिलिंडरे आडवी, दोन्ही बाजूंना पसरलेली असतात आणि त्यांना पातळ पात्यांच्या कडा असतात. पुढच्या दोन तोंडांतून हवा आत येते, इंजिनाच्या वरच्या कप्प्यात दाबाने साठते, पात्यांमधून खाली उतरते आणि खालच्या वाटेने बाहेर जाते. वरचा आणि खालचा कप्पा वेगळा ठेवणारे पत्रे असतात आणि त्यांच्या कडेला सिलिकॉन रबराची पट्टी असते. ती पट्टी काउलिंगला आतून घट्ट टेकली पाहिजे. आपल्या प्रेशर कुकरची रिंग सैल झाली की शिट्टी होत नाही आणि डाळ कच्ची राहते, अगदी तसे. फट राहिली की हवा तिथूनच पळते, पात्यांमधून जाण्याचे कष्ट कशाला घेईल? म्हणून बांधणारा अंधारात काउलिंगच्या आत दिवा लावतो आणि पुढच्या तोंडातून डोकावून प्रकाशाच्या रेघा शोधतो. जिथे रेघ, तिथे गळती.

आणखी एक चूक नवशिके हमखास करतात. इंजिन तापले की पुढची तोंडे मोठी करतात. पण आत शिरलेली हवा तापून फुगते, तिला बाहेर पडायला वाट आणखी मोठी लागते. मागचा दरवाजा बंद ठेवून पुढचा कितीही उघडला तरी खोलीत वारा खेळत नाही, हे आपल्या आजीलाही ठाऊक होते.

काउलिंगने विमान वेगवानही होते. १९२८ साली अमेरिकेत लँगली येथील सरकारी प्रयोगशाळेत फ्रेड वाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्टिस हॉक विमानावर नव्या घाटाचे काउलिंग चढवले, तेव्हा ताशी ११८ मैलांचा वेग १३७ वर गेला. इंजिन तेच, इंधन तेच!

आता प्रत्यक्ष बसवण्याचे काम. फायबर ग्लासचे दोन भाग, वरचा आणि खालचा, जास्तीच्या कडा ठेवूनच येतात. त्या कापायच्या, कानशीने घासायच्या, लावून पाहायच्या, पुन्हा काढायच्या. एका बैठकीत कडा सरळ झाली असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. प्रोपेलरच्या पुढे जी टोपी असते तिच्या पाठीशी साधारण सहा मिलिमीटर फट ठेवतात, कारण इंजिन सुरू होताना आणि बंद होताना चांगलेच हिसके देते. शिवाय इंजिन रबरी गाद्यांवर बसलेले असते आणि पहिल्या काही तासांत त्या गाद्या थोड्या दबतात. म्हणून जाणता माणूस टोपी काउलिंगपेक्षा दोन-तीन मिलिमीटर उंच ठेवतो. सुरुवातीला वाकडे दिसते, शेजारीपाजारी हसतात. गाद्या दबल्या की रेघ आपोआप जुळते.

हे सारे थंड हवेच्या गावी करणे वेगळे आणि आखातात करणे वेगळे. रेझिन कपात कालवले की उन्हाळ्यात ते काही मिनिटांत घट्ट होते, जास्त कालवले तर तापून धूरही काढते. थोडे थोडे कालवावे, उथळ थाळीत पसरावे आणि पहाटेच्या गारव्यात काम उरकावे. वरचा रंग पांढराच हवा. गडद रंगाचा पृष्ठभाग या उन्हात इतका तापतो की साधे रेझिन मऊ पडून बसवलेली कड वाकू शकते. फायबरची विमाने पांढरी दिसतात ती केवळ हौस म्हणून नव्हे.

४५ अंशांना हवा १५ अंशांच्या मानाने सुमारे नऊ टक्के विरळ असते. म्हणजे थंड करणारी हवाच कमी, आणि ती आधीच तापलेली. त्यात उड्डाणानंतर चढताना इंजिन पूर्ण जोरात, नाक वर आणि वेग कमी. सिलिंडरचा काटा सर्वांत झपाट्याने चढतो तो याच वेळी. पुष्कळ इंजिनांची मर्यादा २६० अंश सेल्सिअस असते, पण काळजी घेणारा वैमानिक त्याच्या बराच अलीकडे नाक खाली घेतो. गॅरेजमध्ये आळसाने सोडलेली बोटभर फट अशा वेळी हिशेब मागते, आणि तेव्हा खाली समुद्र असतो.

विमान उतरल्यावरही जपावे लागते. इंजिन बंद झाले की वारा थांबतो, आतली उष्णता काउलिंगखाली कोंडते आणि नळ्यांतल्या पेट्रोलची वाफ होते. वीस मिनिटांनी पुन्हा सुरू करू म्हटले तर इंजिन रुसते. म्हणून जुने लोक विमान उभे केल्याबरोबर काउलिंगवरची तेल तपासण्याची छोटी झडप उघडून ठेवतात. तेवढ्या वाटेनेही गरम हवा वर निघून जाते.

आपल्याकडे अल खोरला लहान विमानांची धावपट्टी आहे. कधी तिथे एखादे हलके विमान जवळून पाहायला मिळाले, तर पंखाखाली फोटो काढण्याआधी नाकाशी वाकून टोपीमागची फट पाहा. ती सगळीकडे सारखी असेल, तर बांधणाऱ्याने अनेक पहाटा तिथे घालवल्या आहेत असे समजा.